रानहळदीला तांब्याभर पाणी

गोडादरा, सुरत
नागपंचमीला तीन दिवस

प्रिय सरे,

मोठ्या बहिणीचा आशीर्वाद घे आणि चष्मा लावून बस, पत्र लांबणार आहे. घरात तीन मोबाइल असताना या म्हातारीला पत्र कुठून सुचलं, असं तुला वाटेल. चेतनलाही वाटलं. म्हणाला, आई, फोन लावून देतो, व्हिडिओ लावून देतो, तोंड बघून बोल. मी म्हटलं, तिचं तोंड मी जन्मापासून बघते आहे, त्यात नवीन काही नाही. पत्रच का, ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. चिवड्यातले शेंगदाणे आधी वेचून खायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

अक्षर सुषमाचं आहे, ते तू ओळखलं असशील. मी ओट्यावर बसले आहे आणि माझी ही धाकटी सून आपल्या लेकीच्या, पल्लवीच्या वहीची पानं फाडून समोर बसली आहे. मी ‘माले’ म्हणते, ती ‘मला’ लिहिते. तेवढी सूट तिला दिली आहे. बाकी एक शब्द गाळायचा नाही, एक घालायचा नाही आणि पत्र संपेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, अशी तिला कानबाईमातेची शपथ घातली आहे. घालावी लागली. मागे लोणच्याच्या बरणीबरोबर चिठ्ठी पाठवली, तेव्हा मी सांगितलं होतं, ‘तुझ्या नवऱ्याची ढेरी कमी झाली का विचार.’ हिने लिहिलं, ‘काकांची तब्येत कशी आहे?’ आणि तू उत्तरादाखल त्यांच्या शुगरचं सगळं पुराण ऐकवलंस. मला ढेरीचं काही कळलंच नाही. आता हसते आहे बघ. हस, पण लिही.

माझ्या आयुष्यात एकही पत्र माझं एकटीचं म्हणून गेलं नाही, सरे. तुला ते कळायचं नाही, तुला लिहिता येतं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं पत्र आधी लिहिणारा वाचतो आणि मग ज्याला पाठवायचं तो. नवी नवी सुरतेला आले तेव्हा सासूने माझं जगणं नकोसं केलं होतं. तुला कळवायचं होतं. पण लिहायला कोण, तर तुझे दाजी, तिचाच मुलगा. मग काय कळवणार? ‘इकडे सर्व खुशाल.’ तू ते वाचून आईला सांगितलंस, शोभा सुखात आहे. तुझे दाजी गेले, मग चेतन लिहू लागला, तेव्हा चेतनच्या बायकोबद्दल काही सांगायची सोय राहिली नाही. आणि आता तर बायकोच लिहायला बसली आहे.

इकडची खबर अशी की यंदा कानबाई आमच्या घरी बसणार. रविवारी सगळे भाऊबंद गोळा होतील. प्रसादाच्या रोटांचे गहू सुषमाने निवडून, धुऊन वाळत घातले आहेत. चेतन पलसाण्याला कापड रंगवण्याच्या मिलमध्ये जातो, तिथून येताना लाइटच्या माळा घेऊन आला. पल्लवी शाळेतून आल्यावर माझ्याशी गुजरातीत बोलते, भावाशी फोनवर हिंदीत आणि देवाशी बहुतेक इंग्रजीत, कारण परीक्षेच्या दिवशी पुटपुटते ते मला कळत नाही. कानबाईची नथ मी स्वतः उजळली. सगळं आहे. फक्त कानबाईपुढे ठेवायला यंदा रानहळदीचा तुरा नाही. आणि हे पत्र त्या तुऱ्याचंच आहे.

आपल्या नाल्यावरचा उतार तुला आठवतो ना? पहिल्या दोन सरी पडल्या की, अजून पान नाही काही नाही, नुसत्या मातीतून जांभळट गुलाबी तुरा वर यायचा आणि त्याच्या वाट्यांतून पिवळी फुलं डोकवायची. वास नाही, खायला नाही, शेळ्यासुद्धा तोंड लावायच्या नाहीत. पण कुठल्या दगडाच्या कडेला पहिला तुरा येणार, ते मला आधी ठाऊक असायचं. घरात पाटी एकच येणार होती, ती तुला आली. मला सात शेळ्या आल्या. तू बाराखडी घोकायचीस आणि मी तुझ्यासाठी तुरे आणायची. ते तू गुरुजींच्या टेबलावर नेऊन ठेवायचीस. गुरुजी म्हणाले होते, सरलाला रानातल्या फुलांची किती जाण आहे. हे तूच घरी येऊन मला सांगितलंस, अगदी खुशीत. तेव्हा तिथे माझं नाव घेतलं होतंस का गं? साठ वर्षं होऊन गेली, विचारायचं राहिलं होतं. आज विचारलं.

मग माझं लग्न सुरतेच्या लूमवाल्याशी झालं आणि तुझं गावातल्या गावात. तुला आईच्या हातची भाकरी वीस वर्षं जास्त मिळाली. मी ते काही मनात ठेवलेलं नाही, नुसतं मोजलेलं आहे. येताना मी पदरात रानहळदीचे कंद बांधून आणले. भाड्याच्या खोलीपुढे तेलाच्या डब्यात लावले. आणि इथे काय, तर दारात नळ! आपण दोघी डोक्यावर हंडे घेऊन किती चालायचो. पहिल्या दिवशी मी त्या नळाखाली हात धरून नुसती उभीच राहिले, बादली भरून वाहून गेली तरी. तेव्हापासून माझं एक झालं. ज्याच्यावर माया, त्याला पाणी. पाहुण्याला पाणी, दारावरच्या कुत्र्याला पाणी, तुळशीला दोनदा आणि रानहळदीला रोज एक तांब्या, बाराही महिने. पावसाळ्यात पानं यायची मोठमोठी. दिवाळी झाली की ती पिवळी पडायची, मला वाटायचं तहान लागली, म्हणून दोन तांबे. वैशाखात आखाजी येईपर्यंत डब्यात चिखल. कंद कुजलेले. असं तीनदा झालं. तीनदा गावाहून कंद आले आणि तीनदा मी ते मायेने मारले. एकदाही फूल बघितलं नाही. ज्या पोरीने माघापासून ज्येष्ठापर्यंत तो उतार कोरडा ठणठणीत बघितला, जिथे अनवाणी पायाला चटके बसायचे आणि कोणी एक थेंब घालत नव्हतं, तिला हे सुचू नये! तिकडे रानात होतं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. दारात आलं आणि मी सासू झाले.

चौथ्यांदा तू कंद पाठवलेस तेव्हा सुषमा म्हणाली, आई, यावेळी मी बघते. बघ म्हटलं, माझं काय जातं. हिने चेतनकडून निळं पिंप अर्धं कापून घेतलं आणि त्याच्या तळाला भोकं पाडली. मी म्हटलं, वरून पाणी घालायचं आणि खालून सोडून द्यायचं, हे कुठलं शहाणपण? हसली. तापीची वाळू, थोडी माती, थोडं शेणखत. कंद बोटभर खोल. पिंप भर उन्हात नाही, शेवग्याच्या सावलीला. पावसाळाभर पानं, ती तर माझ्याही हातून यायची. पण दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली तशी हिने पाणीच तोडलं. पानं वाळली, ती ओढून काढली नाहीत, आपोआप गळू दिली. मग पिंप जिन्याखाली सरकवलं आणि वर परात पालथी घातली. आखाजीपर्यंत! मी चेतनला सांगितलं, तुझी बायको तिला उपाशी मारते आहे. ही म्हणाली, आई, ती झोपली आहे, तिला झोपू द्या. हे तिला मोबाइलवर कळलं होतं. माझ्या शेळ्यांच्या वाटेवरचं फूल, आणि त्याची झोप मला हिने मोबाइलवर बघून सांगायची.

मग आखाजीला पिंप बाहेर काढलं, जपून पाणी दिलं, आणि पाऊस यायच्या आधीच मातीतून तुरा वर आला. सरे, मी त्याच्यापुढे खाली बसले. गुडघ्यांचं ऐकलं नाही. तोच रंग. त्या दिवशी मला आनंद झाला होता हे खोटं नाही, अर्धा दिवस झाला होता. मग शेजारची ज्योतीबेन आली आणि म्हणाली, ‘सुषमाभाभीनुं फूल केटलुं सरस!’ सुषमाभाभीचं. मग दूधवाला, मग खालच्या घरातले, मग चेतन. माझा चेतन, ज्याला जिलेबी आणि जास्वंद यातला फरक कळत नाही, तो बायकोला म्हणाला, तुझ्या हाताला गुण आहे. मी आत जाऊन उगाच डबे आपटले. हे लिहिताना हिने वर बघितलं. लिही, खरं आहे ते.

गेल्या वर्षी सात तुरे आले. हिने दोन कापून कानबाईच्या पायाशी ठेवले, कोणीतरी फोटो काढला आणि लिंबायतपासून भेस्तानपर्यंत सगळ्या भाऊबंदांच्या मोबाइलवर गेला. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. मी पळत जाऊन घेतला. वाटलं, निदान तू म्हणशील, शोभे, आपल्या नाल्यावरचं फूल सुरतेत आणलंस. तू काय म्हणालीस? म्हणालीस, ‘सुषमाला दे गं जरा.’ आणि तिच्याशी अर्धा तास बोललीस. वाळू किती, खत किती, झोपवायचं कधी. मी तिथेच बसून लसूण सोलत होते. एवढा लसूण सोलला की आठ दिवस भाजीला लसणाचाच वास. तुझा दोष नाही, तुला फुलाची चौकशी करायची होती. पण मला त्या दिवशी पुन्हा त्या शाळेच्या बाहेर उभं केलंस, शेळ्या घेऊन.

आता पुढचं. सुषमा, खाली बघ आणि लिही.

माघात हिचे वडील नंदुरबारला ओट्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. ही तीन आठवडे माहेरी गेली. जाताना मला चार गोष्टी सांगितल्या. पल्लवीचा डबा, गॅसची टाकी, चेतनची गोळी आणि चौथी, जिन्याखालचं पिंप, आई, त्याला काही करायचं नाही, ते नुसतं असू द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी परात उचलली. कोरडी माती, दुसरं काही नाही. मी तांब्याभर पाणी घातलं. मनाशी म्हटलं, जीव आहे बिचारीचा. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हटलं आणि पुन्हा तांब्या. असं रोज. पण सरे, तीनदा कुजवलेल्या बाईने चौथ्यांदा ‘मला काय ठाऊक’ म्हणू नये. मला ठाऊक होतं. मला असं वाटत होतं की एकदा हिच्याही हातून कुजू दे. मग आम्ही दोघी सारख्या. माझ्यासारखंच तिचंही चुकलं, असं ज्योतीबेन एकदा म्हणू दे. बस, एवढंच. आणि ही यायच्या दोन दिवस आधी मी पाणी बंद केलं आणि कुंडीतली मूठभर सुकी माती आणून वर पसरली. मायेने पाणी घालणारी बाई वरून सुकी माती पसरत नाही.

आखाजीला हिने पिंप बाहेर काढलं. जपून पाणी दिलं, वाट बघितली. ज्येष्ठ गेला. पाऊस आला, आषाढ अर्धा गेला. एक दिवस सकाळी हिने मातीत बोटं घातली, ती घाण वास मारत वर आली. मी दारातून बघत होते. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. हिने बोटं धुतली आणि म्हणाली, ‘माझंच चुकलं, आई. मी जायलाच नको होतं.’ आणि मी काय म्हणाले? तेव्हाही तोंड मिटून बसले असते तरी चाललं असतं. मी म्हणाले, ‘असू दे. घरातलं माणूस घरात नसलं की होतं असं.’ हे शब्द माझे. हिने गाळले नाहीत ना, ते पल्लवीकडून वाचून घेणार आहे. ती मराठी वाचते ती दगडावरून नाला ओलांडल्यासारखी, पण ओलांडते.

आता राखी जवळ आली. हिचा भाऊ न्यायला येतो म्हणतो. वडील अजून काठीशिवाय उठत नाहीत आणि दिवसातून दहादा हिचं नाव घेतात. आणि ही परवा फोनवर भावाला म्हणाली, ‘नको रे. मी घर सोडून गेले की इथे काहीतरी बिघडतं. तूच येऊन राखी बांधून घे.’ मी भाजी चिरत होते. माझ्या एका वाक्याने एका म्हाताऱ्याची लेक अडवून ठेवली. नुसतं एक फूल गेलं असतं तर मी ते पोटात घालून मेलेही असते, सरे. म्हातारीच्या पोटात असं बरंच काही असतं. पण तो माणूस तिकडे दाराकडे बघत असेल आणि दार मी लावून धरलं आहे. माझा बाप गेला तेव्हा मला सासूने सोडलं नव्हतं. पापड वाळत घातलेत म्हणाली होती. त्या बाईसारखी मी होणार नाही, असं मी तेव्हा नळाखाली तोंड धुताना ठरवलं होतं.

तर, पत्र का, ते. फोनवर मी तुझ्याशी बोलले असते तर ही स्वयंपाकघरात असती आणि मी हळू बोलले असते. तोंडावर सांगावं म्हणून चार दिवस प्रयत्न केला. सकाळी चहा घेताना तोंड उघडलं आणि म्हणाले, साखर कमी झाली आहे. ती समोर असली की मी सासू असते, माझी जीभ सासूची असते. तुझ्याशी बोलताना मी शोभा असते. म्हणून तुझ्याशी बोलले आणि तिला लिहायला बसवलं. माझं पत्र आधी लिहिणाराच वाचतो, हे जन्मभर माझं दुखणं होतं. आज पहिल्यांदा ते कामाला आलं. तुला हे कळलं नाही तरी माझं काही अडत नाही. चिडू नकोस. हे जिच्यासाठी लिहिलं, तिला ते पोचलं आहे. तू मात्र एवढं कर. उतारावर यंदाची पानं आली असतील, ती खुणेला ठेव, आणि दिवाळीनंतर पानं वाळली की कंद खणून पाठव. पार्सलवर नाव सुषमाचं घाल. माझं घालू नकोस. आणि हिने राखीला जावं. घराचं काही बिघडत नाही, जे बिघडतं ते मी बिघडवते, आणि यावेळी मी जिन्याखाली पाऊल टाकणार नाही.

पेन मघापासून थांबत थांबत चालतं आहे. हिच्या तोंडाकडे मी बघितलेलं नाही, रस्त्याकडे बघून सांगते आहे. सही मला येत नाही, अंगठा लागतो. शाईचं पॅड हिच्या कपाटात आहे, आणायचं की नाही ते हिने ठरवायचं. पत्राखाली अंगठा दिसला तर समज, हिने ते आणून दिलं. नाही दिसला, तर तेही समज. मी रागावणार नाही.

तुझीच,
शोभा

(अंगठा आईंचा आहे. जरा फिसकटला, दोघींनी मिळून उठवला. शपथेप्रमाणे एक शब्द गाळला नाही. पत्र संपलं, म्हणून आता माझं लिहिते. मावशी, राखीला मी नंदुरबारला जाते आहे. पार्सलवर नाव आईंचंच घाला. पाणी मात्र मी घालणार. — सुषमा)